आमसुली रंगाची दोनशे दहा पाकिटं

माझ्या अक्षराची कीर्ती आमच्या सोसायटीत पसरली ती लिफ्टमधल्या एका सूचनेमुळे. सूचना साधी होती: 'लिफ्टचे दार उघडे ठेवून गप्पा मारू नयेत.' मी ती बोरूने, हिरव्या आणि निळ्याच्या मधल्या एका शाईत लिहिली होती आणि 'गप्पा'मधल्या 'प्पा'ला जरा फुलोरा काढला होता. परिणाम असा झाला, की लोक लिफ्टचं दार उघडं धरून त्या अक्षराबद्दल गप्पा मारू लागले.

विमा कंपनीतून निवृत्त होऊन मला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. पहिले सहा महिने मी घर आवरलं. यांच्या शर्टांची कपाटातली जागा तिसऱ्यांदा बदलली तेव्हा यांनीच सुचवलं, "अगं, तू बाहेर जाऊन काहीतरी शीक." म्हणून मी सिंहगड रोडवरच्या एका शाळेत दर शनिवारी सुलेखनाच्या वर्गाला जाऊ लागले. अक्षर यायला वर्षं लागतात, असं तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. पण मला खरा नाद लागला तो शाया मिसळण्याचा. बाजारात मिळणारी निळी म्हणजे बँकेची स्लिप, लाल म्हणजे नापास झालेला पेपर. या दोन्हींच्या मधे जे काही आहे ते मला हवं होतं. औषधाच्या रिकाम्या बाटल्या, ड्रॉपर आणि आइसक्रीमच्या काड्या जमवून मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर संसार मांडला. हे एकदा ओट्यावरच्या वाटीत कोकमाचं सार आहे असं समजून चमचा घालणार होते. थोडक्यात वाचले.

तर त्या सूचनेनंतर महिन्याभराने समोरच्या फ्लॅटमधली शेजारीण आपल्या मुलीला घेऊन आली. गेली चौदा वर्षं ती आमची शेजारीण. एका शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे तिचं कुठलंही वाक्य शेवटच्या उत्तरासारखं यायचं, खाली दोन रेघा मारलेलं.

"अहो, एक काम आहे. नाही म्हणू नका," ती बसता बसता म्हणाली.

मुलीचं लग्न ठरलं होतं हे मला माहीत होतंच. मुलगी हिंजवडीला आयटीत. तिने सगळं समजावून सांगितलं. "काकू, व्हॉट्सअ‍ॅपवर कार्ड तर सगळ्यांना जाणारच आहे. पण जवळच्या लोकांना ना मला प्रॉपर हाताने लिहिलेलं पाकीट द्यायचंय. दोनशे दहा आहेत. तुम्ही ओन्ली नाव आणि पत्ता लिहायचा. आणि इंक माझ्या शालूच्या काठाच्या कलरची हवी. मॅचिंग."

"काठ कुठल्या रंगाचा आहे?"

"वाइन," मुलगी म्हणाली.

"आमसुली," आई म्हणाली.

"दोन्ही एकच का?" मी विचारलं.

"वाइन मी बघितलेली नाही," शेजारीण म्हणाली. "आमसूल बघितलंय."

मुलीने फोनवर शालूचा फोटो दाखवला. तिच्या फोनवर काठ जांभळट दिसत होता. तोच फोटो आईच्या फोनवर तपकिरी होता, आणि माझ्याकडे पाठवल्यावर काळा. मुलीने होणाऱ्या सासूबाईंना विश्रांतवाडीला फोन लावून स्पीकरवर टाकला. त्या म्हणाल्या, "डाळिंबी ना तो? आपण दुकानात डाळिंबीच म्हणत होतो." शेजारणीने समोरच्या आपल्या घरात जाऊन डबा उघडला आणि एका बशीत एक आमसूल ठेवून आणलं.

"हा रंग."

मी नीट बघितलं. "सुकं आमसूल की भिजवलेलं?"

शेजारीण क्षणभर अडली. एवढ्या वर्षांत तिला मी पहिल्यांदाच अडलेलं पाहत होते. मग परत जाऊन तिने एक आमसूल पाण्यात बुडवून आणलं. दोन्ही शेजारी ठेवली. मुलीने दोन्हींचे फोटो काढले. शेवटी असं ठरलं, की सुक्याचा अंधार आणि भिजलेल्याची लाली, यांच्या बरोबर मधला.

शालू तेव्हा फॉल-पिकोला दिला होता. दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंकडे जाऊन दहा मिनिटं काठाशेजारी बसले. "बघायचं ते बघा, हात लावू नका," त्या मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या. मी हात मांडीवर ठेवून बघितलं. शेजारणीचं बरोबर होतं. आमसुलीच होता.

शाया आणायला मी रविवार पेठेत एका जुन्या दुकानात गेले. पुस्तकबांधणीचं कापड, रबरी शिक्क्यांच्या शाया, रंगांच्या पुड्या असं सगळं तिथे मिळतं. दुकान एका मुसलमान कुटुंबाचं, तीन पिढ्यांचं. गल्ल्यावर जे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ बसतात त्यांना अख्खी पेठ चाचा म्हणते. चाचांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आणि माझ्यापेक्षा कमी.

"लाल, जांभळी, तपकिरी आणि काळी द्या."

"कशाला पाहिजे?"

"मिसळून एक रंग करायचाय."

"चार बाटल्या घेऊन एक रंग करण्यापेक्षा तो एक रंगच विकत घ्या."

"तो मिळत नाही कुठे."

"मग त्याला काहीतरी कारण असेल," चाचा म्हणाले आणि बाटल्या कागदात गुंडाळू लागले.

घरी येऊन मी कामाला लागले. इथे यांच्याबद्दल सांगायला हवं. हे भोसरीला एका कारखान्यात तीस वर्षं क्वालिटी कंट्रोलला होते. कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय झाली तर यांना ती झालीच नाही असं वाटतं. मी पहिला प्रयोग करत असताना हे वही-पेन घेऊन शेजारी येऊन उभे राहिले.

"लाल किती थेंब?"

"बघून घातले."

"बघून म्हणजे किती?"

"रंग येईपर्यंत."

"अगं, आमच्याकडे असं कुणी केलं असतं तर अख्खा लॉट रिजेक्ट झाला असता."

"मी आमटीत गूळ मोजून घालते का?"

"म्हणूनच ती रोज वेगळी लागते," हे म्हणाले.

वही मी उचलून पेपरांच्या रद्दीवर ठेवली. पहिला प्रयोग बीटरूट झाला. चौथा विटकरी. सातवा इतका काळा, की त्याला काळाच म्हणावं लागलं. बाराव्याला मी आशेने तपकिरीचा एक थेंब जास्त टाकला आणि चहा तयार झाला. सतराव्याला मात्र काडी फिरवता फिरवताच कळलं. कागदावर ओढल्यावर ती शाई ओली असताना जवळजवळ काळी दिसत होती, आणि वाळत गेली तसतशी कडेने आतून लाली वर आली, अगदी आमसूल उजेडात धरल्यावर येते तशी. मी एकटीच ओट्यासमोर उभी होते. कुणाला तरी हाक मारावी असं फार वाटलं, पण घरात हेच होते आणि आम्ही बोलत नव्हतो.

नमुना घेऊन शेजारणीकडे गेले. तिने तो खिडकीत नेला, चष्मा वर करून बघितला, खाली करून बघितला.

"चालेल," ती म्हणाली.

आमच्या गावात याच्या वर कौतुक नसतं. मुलगी मात्र "काकू! ओ माय गॉड!" म्हणून मला मिठी मारून गेली. फोटो विश्रांतवाडीला गेला. तिकडून उत्तर आलं: "डाळिंबी छान आलाय."

मी जेवणाच्या टेबलावर खिडकीशी बसून रोज सकाळी तीस पाकिटं लिहू लागले. यादी शेजारणीने नीट करून दिली होती. आधी तिच्या सासरचे सगळे, व्याह्यांकडची चार घरं आणि नवऱ्याच्या ऑफिसातले, आणि मग तिचं माहेर. अक्षर लागत गेलं. बोरू कागदावरून जाताना जो बारीक आवाज येतो तो ऐकताना मला ऑफिसातल्या तेहतीस वर्षांचं काहीच आठवत नसे. एवढंच, की माझं अक्षर मोठं आहे आणि जाड आहे, आणि बाटली लहान होती. ती खाली चाललेली मला दिसत होती. पण दिसलं तरी मनाला लावून घ्यायचं नाही, हे मी क्लेमच्या टेबलावर शिकले होते.

एकशे अठरावं पाकीट लिहून झालं आणि बोरू बाटलीच्या तळाला घासला.

मी बिनधास्त दुसरी बाटली करायला घेतली. हात तोच, डोळा तोच, शाया त्याच. रंग आला तो भडक. लग्नाच्या मांडवावरची झिरमिळ्यांची झालर असते ना, तसला. मला वाटलं, लाल जास्त झाली. परत केली. परत तोच. काळी वाढवली तर मेलेली झालर. दोन दिवसांत अकरा प्रयोग झाले. हे सगळं बघत होते आणि एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी रद्दीवरची ती वही आणून टेबलावर ठेवली, वहीवर आडवं पेन ठेवलं, आणि बाल्कनीत पेपर वाचायला गेले.

मी दोन्ही नमुने घेऊन रविवार पेठ गाठली. चाचांनी दोन्ही पट्ट्या हातात घेतल्या आणि दुकानाच्या पायरीवर उजेडात गेले.

"शाया त्याच?"

"त्याच बाटल्यांतल्या."

"आणि पाणी?"

"पाण्याचं काय? पाणी ते पाणी."

"ताई, आपण राहता कुठे?"

"धायरीला."

"धायरीला राहून म्हणता, पाणी ते पाणी?"

चाचांनी समजावलं, की जड पाण्यात, क्षार असलेल्या पाण्यात, ही लाल शाई दबते, काळपट होते. गोड्या पाण्यात फुलते. "इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरायचं असतं. म्हणजे रंग बदलत नाही. मधल्या दिवसांत तुमच्याकडे पाणी बदललं का?"

बदललं होतं. असं तसं नाही, वाजतगाजत बदललं होतं. अकरा वर्षं आमची सोसायटी टँकरवर जगत होती आणि आदल्याच गुरुवारी नव्या लाइनचं पाणी टाकीत पडलं होतं. सेक्रेटरींनी व्हॉल्व्हला हार घातला होता, नारळ फोडला होता, आणि मी स्वतः दोन पेढे खाल्ले होते. माझा आमसुली रंग टँकरच्या पाण्याने आला होता.

आता मला टँकरचं पाणी हवं होतं. फक्त एक बाटली. मी वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, टँकर बंद झाला ना आता, काळजी करू नका." मी सेक्रेटरींना गाठलं.

"अहो, अकरा वर्षं मी टँकर बंद व्हावा म्हणून अर्ज करतोय," ते म्हणाले. "त्यातल्या निम्म्या अर्जांवर तुमची सही आहे."

"हो, पण मला एक बाटलीच हवंय."

"टँकर बाटलीने येत नाही."

शेवटी मी सोसायटीच्या ग्रुपवर साधा संदेश टाकला: 'कुणाकडे मागच्या आठवड्यातलं जुनं पाणी शिल्लक आहे का? थोडंसं हवं आहे.' टाकून मी आंघोळीला गेले. परत येईपर्यंत चव्वेचाळीस उत्तरं आली होती. नवीन पाण्यात काय निघालं, असं नऊ जणांनी विचारलं होतं. बी विंगमधल्या एकीला कालपासून पाण्याचा वास येतच होता. एकाने घरात बाहेरून जार मागवले होते आणि नंबरही दिला होता. यांनी घाईघाईने लिहिलं: 'पाणी उत्तम आहे. पत्नीला शाईसाठी हवे आहे.' त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही. सेक्रेटरींनी मला वेगळा संदेश पाठवला. त्यात फक्त हात जोडलेले होते.

संध्याकाळी सी विंगच्या चौथ्या मजल्यावरून फोन आला. तिथे एक आजोबा एकटे राहतात. म्हणाले, "माझ्याकडे आहे. येताना बाटली स्वच्छ आणा."

त्यांच्या बाथरूममध्ये दोन पिंपं काठोकाठ भरून, वर ताटं झाकून ठेवली होती. नव्या लाइनवर त्यांचा विश्वास नव्हता. "मला माहीत होतं, कुणीतरी मागायला येणार," ते तांब्याने माझी बाटली भरत म्हणाले. "पण इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं."

"हे नक्की गेल्या आठवड्यातलंच ना?"

"टँकरचं आहे. सोमवारचं की बुधवारचं ते टँकरवाल्याला विचारा."

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. टँकर रोज एकाच विहिरीवर भरत नसणार. घरी येऊन शाई केली. भडकपणा गेला होता, आमसुलीच्या घरात तर आली होती, पण पहिल्यापेक्षा फिकी. आमसूल दोनदा वापरून झाल्यावर दिसतं तशी. आणखी पाच वेळा करून बघितली, याच्या पुढे काही जाईना. लग्न आलं होतं बारा दिवसांवर आणि पाकिटं पोचवायची होती. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला, ट्यूब लावली, आणि ट्यूबच्या उजेडात दोन्ही सारखे दिसतात असं स्वतःला सांगून उरलेली ब्याण्णव पाकिटं लिहून काढली.

शेजारीण न्यायला आली. तिने पहिलं काय केलं असेल, तर पडदा उघडला.

"हे फिकट आहेत," ती म्हणाली.

"वाळल्यावर सारखे दिसतील."

तिने एका पाकिटावरून बोट फिरवून बघितलं. "वाळलेत."

मी तिला सगळं सांगितलं: टँकर, चाचा, पिंपं. तिने ऐकून घेतलं. मग फिकट गठ्ठ्यातली नावं वाचू लागली आणि वाचता वाचता तिचा चेहरा बदलला. "म्हणजे माझं सगळं माहेर फिकट," ती म्हणाली.

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. यादी तिनेच त्या क्रमाने दिली होती, पण हे बोलायची ती वेळ नव्हती. हे आतून म्हणाले, "एका घरात दोन रंग जाऊ देऊ नका म्हणजे झालं. लॉट मिक्स करायचे नसतात." शेजारणीने मान हलवली, कारण दुसरा इलाज नव्हता. "कोण एवढं बघतंय," असं म्हणत तिने गठ्ठे उचलले. ती असं म्हणतेय म्हणजे तिचाही त्यावर विश्वास नाही, हे मला कळलं.

सगळ्यांनी बघितलं. त्याला कारण माझं अक्षरच. पाकीट हातात पडलं की जो तो त्याचा फोटो काढून आपापल्या घरच्या ग्रुपवर टाकू लागला. 'किती सुंदर!', 'आजकाल कोण लिहितं असं!' आणि एका ग्रुपवर गडद आणि फिकट एकाखाली एक आले.

पहिला फोन शेजारणीच्या मोठ्या वहिनीचा, साताऱ्याहून. मी तेव्हा अक्षतांच्या पुड्या बांधायला तिच्याकडेच बसले होते, म्हणून एक बाजू तर ऐकलीच, आणि वहिनींचा आवाज मोठा असल्यामुळे दुसरीही.

"पाकीट मिळालं हो," वहिनी म्हणाल्या. "छान आहे. आमच्यापर्यंत येईस्तोवर शाई संपत आली होती का?"

शेजारीण क्षणभरही थांबली नाही. "नाही हो वहिनी. फिकट म्हणजे घरचे. मुद्दाम वेगळा रंग केलाय. बाहेरच्यांना तो गडद."

मी पुडी बांधायची थांबून तिच्याकडे बघत राहिले. तिने माझ्याकडे बघितलं नाही. वहिनी खूश झाल्या. एवढ्या खूश, की त्यांनी ते पाच जणींना सांगितलं, आणि त्यातल्या एकीची जाऊ शेजारणीच्या नणंदेची मैत्रीण निघाली. दुसऱ्या दिवशी नणंदेचा फोन.

"काय गं, आम्ही बाहेरचे का? सख्खी आत्या मी मुलीची!"

"कोण म्हणालं? अहो ताई, गडद म्हणजे मानाचे. तुम्ही मानकरी!"

नणंद मानाने शांत झाली. ते साताऱ्याला पोचायला दीड दिवस लागला. वहिनींनी या वेळी फोन केला नाही, संदेश पाठवला: 'घरच्यांना मान नसतो, हे बरोबरच आहे.' मग फोन करून त्यांना समजावण्यात आख्खी एक दुपार गेली. शेजारीण घसा बसेपर्यंत बोलत होती. आयुष्यभर जिने मुलांना एका गणिताचं एकच उत्तर असतं असं शिकवलं, ती आता फोन कुणाचा आहे ते बघून उत्तर देत होती.

मला फार अपराधी वाटत होतं. मी म्हटलं, "मी सगळी परत लिहून देते. डिस्टिल्ड पाण्याने."

"आता तिसरा रंग नको," ती म्हणाली. "तिसऱ्याला काय नाव देऊ?"

आणि मग विश्रांतवाडीहून फोन आला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. शेजारणीने पदर खोचला आणि फोन उचलला. विहीणबाई अगदी शांतपणे बोलत होत्या. त्यांचं पाकीट गडद होतं.

"मानाचं पाकीट मिळालं, बरं वाटलं," त्या म्हणाल्या. "मी फक्त विचारत होते, मानाचे तर आम्ही आहोतच. घरचे कधी होणार?"

शेजारणीला चौदा वर्षांत दुसऱ्यांदा काही सुचलं नाही. "उद्या," ती म्हणाली. "उद्या येतेच मी तुमच्याकडे."

मी घरी जाऊन फिकट शाईत विहीणबाईंचं पाकीट लिहिलं. जितकं म्हणून चांगलं येत होतं तितकं लिहिलं. शेजारीण नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून धायरीहून विश्रांतवाडीला गेली, उन्हाचं, अख्खं पुणं ओलांडून. चार तासांनी परत आली ती हसत. विहीणबाईंनी दोन्ही पाकिटं शोकेसमध्ये लावली होती आणि जेवायला घालून पाठवलं होतं. पण व्हायचा तो परिणाम झाला. एकीला दोन्ही मिळाली म्हटल्यावर नणंदेने फिकट मागितलं, वहिनींनी गडद मागितलं, आणि त्यांच्या मागोमाग आणखी नऊ जणांनी. फिकट शाई होती. गडद कुठून आणणार? मी फिकट शाईनेच अक्षर दोनदा गिरवलं. दोनदा गिरवल्यावर ती तंतोतंत गडद आली. हे टेबलापाशी उभे होते. म्हणाले, "म्हणजे ती ब्याण्णवही दोनदा गिरवली असतीस तर..." मी बोरू खाली ठेवून त्यांच्याकडे बघितलं. ते बाल्कनीत गेले.

लग्न छान झालं. कार्यालयात मी चहाचा कप घेऊन उभी होते तर लांबून लोक बोट दाखवत होते, "त्या बघा, रंगवाल्या." शालूचा काठ स्टेजवरच्या दिव्यांत चक्क निळा दिसत होता. शेजारीण आणि विहीणबाई एकमेकींच्या पदराची टोकं सारखी करत फोटोला उभ्या होत्या. साताऱ्याच्या वहिनी आणि नणंद एकाच सोफ्यावर बसल्या होत्या, मधे एक पर्स ठेवून.

जेवणाच्या आधी एक म्हाताऱ्या बाई माझ्याशेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या. शेजारणीच्या नवऱ्याच्या चुलत मावशी. यजमानांचा मार्केट यार्डात कांद्या-बटाट्याचा गाळा होता, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मुलीने हट्टाने प्रत्येक वयस्कर माणसाला त्याच्या स्वतःच्या नावाने वेगळं पाकीट दिलं होतं, म्हणून त्यांनाही वेगळं गेलं होतं.

"तुम्हीच लिहिलंत का?" त्यांनी विचारलं.

मी सावध झाले. "हो. तुमचं कुठल्या रंगाचं होतं?"

त्यांनी पर्समधून पाकीट काढलं. त्यावर बहुतेक पाण्याचा तांब्या लवंडला असावा. माझी अक्षरं पसरून कागदभर गुलाबी, तपकिरी, जांभळे ढग झाले होते. आणि त्या ढगांवरून कुणीतरी निळ्या बॉलपेनने त्यांचं नाव ठळक गिरवलं होतं.

"सुनेने लिहिलं वरून," त्या म्हणाल्या. "तुमचं फार छान होतं, पण वाचता येत नव्हतं. पाणी सांडायच्या आधीसुद्धा."

मी ते पाकीट उजेडात धरून बघितलं. त्यात गडद होतं की फिकट, काही सांगता येत नव्हतं. मी परत विचारलं, "पण मुळात रंग कुठला होता, आठवतंय का?"

"रंग?" त्यांनी जरा विचार केला. "शाईचा."

मग पाकीट माझ्या हातातून घेऊन त्यांनी ते न दुमडता पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, चेन लावली. "माझ्या एकटीच्या नावाने काही यायला किती वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "पत्ता जुना आहे मात्र. आम्ही तिथून कधीच निघालो. जुन्या शेजाऱ्याने रिक्षा करून आणून दिलं."

मला हसू आलं आणि ते थांबेना. त्यांना कशाचं ते कळलं नाही, पण त्याही हसल्या. तेवढ्यात आतून पंगत बसल्याची हाक आली आणि त्यांनी उठायला माझा हात मागितला.